बियाण्यावरचे नाव

शिराळ्याच्या पश्चिमेकडे, वारणेच्या खोऱ्यात, भात हे जुने पीक. कापणीपूर्वी उत्तम लोंब्या निराळ्या काढून पुढील हंगामासाठी राखणे, ही भात पिकविणाऱ्या घरांची पूर्वापार रीत. अशा निवडीतूनच कधी नवा वाण हाती येतो. मग त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आम्हांस विचार करावयास लावतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ साली ‘पटेल ३’ या भातात त्यांना काही आगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडल्या आणि बी इतरांना दिले. त्या वाणाला घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले. तांदूळ दूरदूर पोहोचला; दादाजी मात्र २०१८ साली निवर्तले ते गरिबीतच.

कोणी म्हणेल, लोंबी त्यांनी घडविली नव्हती. ती सृष्टिकर्त्याची देणगी. खरे आहे. पण देणगी ओळखावयास डोळा लागतो आणि जपावयास आयुष्य. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास बी राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि स्वतःचा वाण नोंदविण्याचा हक्क दिला आहे. बियाणे मोकळे असावे, हे आम्हांसही मान्य. परंतु मोकळे म्हणजे निनावी नव्हे. जे विकत घेतले, त्याचे देणे दाम मोजताच फिटते. जे फुकट मिळाले, त्याचे ऋण उरते. ते मानण्यास कोणताही कायदा भाग पाडू शकत नाही; म्हणूनच ते आपल्या सदसद्विवेकबुद्धीचे काम आहे.