खापर कोणाच्या माथीं?

पराभव झाला म्हणजे त्याचें खापर फोडण्यास एखादें डोकें हवें असतें, आणि तें शक्य तों सर्वांच्या दृष्टीस पडेल इतकें उंच असावें, अशी जनरीति आहे. दहा जणांच्या चुका दहा ठिकाणीं शोधीत बसण्यापेक्षां एकाच्या माथीं सर्व भार घालून मोकळें होणें सोपें असतें. या सोपेपणांत न्याय किती आणि मनाचा विसावा किती, हा प्रश्न वरवर खेळापुरता वाटला तरी नीतिशास्त्राच्या गाभ्याशीं जाऊन भिडतो. 2025 सालच्या नरकचतुर्दशीच्या सकाळीं नवी मुंबईंत, नेरूळ येथें, एका स्नेह्यांच्या घरीं फराळास बसलों असतां तो आमच्यापुढें उभा राहिला.

आदल्या दिवशीं, म्हणजे 19 ऑक्टोबर रोजीं, इंदूर येथें महिलांच्या विश्वचषक स्पर्धेंत इंग्लंडनें भारताचा अवघ्या 4 धांवांनीं पराभव केला होता. इंग्लंडच्या 288 धांवांचा पाठलाग करतांना सांगलीच्या स्मृति मानधना हिनें 88 व कर्णधार हरमनप्रीत कौर हिनें 70 धांवा काढल्या. विजय दृष्टिपथांत आला होता. षटकामागें सहा-साडेसहा धांवा पुरेशा होत्या. अशा वेळीं स्मृतीनें उंच टोलविलेला चेंडू झेलला गेला, डावाची लय बिघडली, आणि पन्नास षटकें संपलीं तेव्हां फलकावर 6 बाद 284 एवढ्याच धांवा होत्या. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया यांच्याकडून विशाखापट्टणला हार खाल्ल्यानंतरचा हा लागोपाठ तिसरा पराभव. उपान्त्य फेरीचें दार आतां बंद होतें कीं काय, अशी धास्ती सर्वांना पडली होती.

"तो फटका मारायचें तिला कांहीं कारण नव्हतें," त्या घरांत सर्वांचेच मामा असलेले एक वृद्ध गृहस्थ चकली मोडीत म्हणाले.

"पण मामा, त्या 88 धांवा नसत्या तर आज आपण वाद घालावा इतका सामना तरी उरला असता का?" भाच्यानें विचारलें.

"अरे, म्हणून तर म्हणतों! सुकाणूं जिच्या हातीं, तिनेंच तें सोडलें. बाकीच्यांना काय बोलायचें?"

मामांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें, कारण स्वतः स्मृतीनेंही सामन्यानंतर हेंच सांगितलें होतें: घसरगुंडी आपल्यापासून सुरू झाली, फटक्याची निवड आपली चुकली, दोष आपण आपल्याकडे घेतों. मग प्रश्न मिटला असें कोणी म्हणेल. आमच्या मतें तो येथेंच सुरू होतो.

प्रथम हें पाहावें कीं, पराभवाचें कारण आणि पराभवाचा दोष या दोन निराळ्या वस्तु आहेत. चार धांवांची तूट शंभर षटकांच्या खेळांत कोठेंही सांपडते. सीमेवर न अडलेला एक चेंडू, एक स्वैर चेंडू, न घेतलेली एकेरी धांव, यांतील प्रत्येक गोष्ट त्या तुटीस सारखीच कारण आहे. परंतु साखळीचा जो दुवा शेवटीं तुटतो त्याचाच आवाज कानीं येतो. आधींचे दुवे मुकाट्यानें झिजत असतात. आम्ही आवाजाला कारण समजतों, आणि कारणाला दोष समजतों. अशा रीतीनें दोन पायऱ्या चुकत आम्ही एका व्यक्तीच्या दारांत येऊन उभे राहतों.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याही कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पांचवें दैव. असें असतां जो केवळ स्वतःसच कर्ता मानतो त्याची बुद्धि संस्कारहीन होय, असा तेथें निर्णय आहे. त्याचा रोख अहंकारावर आहे खरा. पण तोच न्याय उलटा लावून पाहावा. "हें मींच केलें" असें म्हणणारा चुकतो, तर "हें सर्व तिनेंच केलें" असें म्हणणारा तरी कसा बरोबर असूं शकेल? खेळपट्टी हें अधिष्ठान, हातांतील बॅट हें करण, बावीस जणींची धांवपळ या चेष्टा. आणि दैवाला तर क्रिकेटइतकें मोकळें रान क्वचितच मिळत असेल.

ही खोड आमच्या मराठी मनाला नवी नाहीं. 14 जानेवारी 1761 च्या पानिपतच्या संहारानंतर सदाशिवरावभाऊंच्या माथीं किती खापरें फुटलीं! ते अंबारींतून उतरले नसते तर, बुणग्यांचा भार उत्तरेस नेला नसता तर, अशा "तर"कारांनीं आमचीं घरें भरून गेलीं. सैन्याची अन्नान्नदशा, तुटलेली रसद, अब्दालीचें युद्धकौशल्य हें सर्व ठाऊक असूनही मनाला एक माणूस हवा होता. जो सर्वांत पुढें उभा असतो तोच मागून सर्वांत स्पष्ट दिसतो.

तर मग कोणालाच दोष नाहीं, सर्वच दैवाधीन, असें म्हणावयाचें काय? तसें म्हणणें हा खेळाडूचा गौरव नसून अपमान आहे. जिला चूक करतां येत नाहीं ती बाहुली. तिच्या यशाचें तरी कौतुक कशाला करावें? म्हणून आम्ही एक भेद करूं इच्छितों. 23 फेब्रुवारी 2023 रोजीं केप टाउन येथें वीस षटकांच्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध हरमनप्रीतनें 34 चेंडूंत 52 धांवा काढल्या होत्या. दुसरी धांव पुरी करतांना तिची बॅट जमिनींत अडकली, ती धांवचीत झाली आणि भारत 5 धांवांनीं हरला. तेथें दैवाचा वांटा मोठा होता. इंदूरचा फटका मात्र निवडीचा होता. निवड जेथें आहे तेथें चूक संभवते, आणि चुकीला चूक म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकास आहे. फक्त ती मोजतांना माप निवडीच्या क्षणाचें असावें, निकालाचें नसावें. तोच चेंडू चार हात पलीकडे पडता तर मामांनीं त्याच फटक्याला धाडस म्हटलें असतें. आणि ज्या दोषाचें नांव चार हातांच्या अंतरानें बदलतें, तो दोष तोलतांना हात थोडा थरथरलेला बरा.

पुढील पंधरवड्यांत या विचाराची परीक्षा नेरूळच्याच डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाली. इंदूरच्या सामन्यांतून वगळलेली जेमिमा रॉड्रिग्ज हिनें 30 ऑक्टोबरच्या उपान्त्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाच्या 338 धांवांस उत्तर देतांना नाबाद 127 धांवा केल्या आणि भारत पांच गडी राखून जिंकला. पण ती 82 वर असतांना तिचा एक उंच झेल ऑस्ट्रेलियाची कर्णधार अलिसा हीली हिच्या हातून सुटला होता. तो हातांत बसता तर? मग इंदूरची कथा नेरूळला पुन्हां घडती, आणि खापरासाठीं दुसरें डोकें मिळतें. 2 नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यांत 87 धांवा व दोन बळी मिळविणारी शफाली वर्मा तर मूळ संघांत नव्हतीच. याच मैदानावर प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून तिला बोलावणें गेलें होतें. भारत 52 धांवांनीं जिंकला, जग्गजेता झाला. त्या यशांतही दैवाचा वांटा उघड होता. पण त्याचा हिशेब कोणी मागितला नाहीं.

येथें आमच्यावर एक आक्षेप येतो. दोष देतांना दैव वजा करावयाचें, तर स्तुति करतांना कां करूं नये? आमचें उत्तर असें कीं, स्तुति ही बहुतांशीं कृतज्ञता असते आणि दोषारोप हा निवाडा असतो. कृतज्ञतेला साक्षीपुरावा लागत नाहीं. तिच्यांत अतिरेक झाला तरी कोणाची मान कापली जात नाहीं. निवाड्याचें तसें नाहीं.

राहतां राहिला स्मृतीच्या कबुलीचा प्रश्न. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानें 1976 सालच्या नैतिक दैवावरील निबंधांत एका लॉरीचालकाचें उदाहरण घेतलें आहे. कांहींही अपराध नसतां त्याच्या वाहनाखालीं मूल येतें. आपण त्याचें सांत्वन करतों. पण तो फार लवकर शांत झाला तर आपल्यालाच चमत्कारिक वाटतें. कर्त्याची खंत ही पाहणाऱ्याच्या निवाड्याहून वेगळ्या जातीची असते. खेळांतील हार त्या मानानें क्षुल्लक. तरी भेद तोच. स्मृति "दोष माझा" म्हणते तेव्हां ती आपल्या वांट्याहून अधिक भार स्वखुशीनें उचलते. यांत मोठेपणा आहे. तेच शब्द आम्ही तिच्याविषयीं उच्चारले कीं तो भार आम्ही दुसऱ्यावर लादतों, आणि स्वतः हलके होतों. वाक्य एकच, पण कर्त्याच्या तोंडीं तें ऋण फेडणें असतें, आणि प्रेक्षकाच्या तोंडीं ती नुसती वसुली होते.

अंतिम सामन्यानंतर मामांची भेट झाली. शफालीबरोबर 104 धांवांची सलामी देतांना स्मृतीनें काढलेल्या 45 धांवांचें ते तोंड भरून कौतुक करीत होते. भाच्यानें त्यांना इंदूरच्या फटक्याची आठवण दिली. मामा क्षणभर थांबले. "चूक ती चूकच," ते म्हणाले, "पण ती तिनेंच सांगून टाकली होती. मग मीं वेगळी कशाला सांगावी?"

चूक नव्हती असें मामांनीं म्हटलें नाहीं, आणि आमचाही तसा आग्रह नाहीं. एवढेंच कीं, ती सांगण्याचा पहिला मान जिच्या हातून ती घडली तिचा आहे. आणि तिनें तो घेतल्यावर इतरांनीं आपलें खापर मुकाट्यानें खालीं ठेवावें.