आधी पाणी मागावे

आजचे शास्त्रवाचन : लूक १०:१-९, योहान ४:१-१५



आज एका अवघड प्रश्नावर मनन करू या. आपला विश्वास दुसऱ्याला सांगण्यासाठी जो त्याच्या दारात जाऊन उभा राहतो, त्याला तो अधिकार कोणी दिला? समोरच्याने बोलावलेले नसते, काही विचारलेलेही नसते. तरी हा जातो. "मला सत्य सापडलंय, तुम्ही ते ऐकायला हवं" असं म्हणणं हे प्रेम, की गर्व? हा प्रश्न आपल्याला बाहेरचे लोक नेहमी विचारतात. आज तो आपणच आपल्याला विचारू.

उदाहरणासाठी ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात त्या मंडळीचा एखादा तरुण मिशनरी डोळ्यांसमोर आणा. त्यांची मुले अठराव्या वर्षापासून अशा सेवेला निघू शकतात. मुलगे दोन वर्षे जातात, मुली दीड वर्ष. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. त्या पट्टीवर पहिले नाव नसते, आडनाव असते आणि त्याआधी 'एल्डर' म्हणजे 'वडील' हा शब्द. एकोणीस वर्षांचा वडील! सकाळी साडेसहाला उठायचे, प्रार्थना करायची, थोडा व्यायाम, मग शास्त्राचा अभ्यास आधी एकट्याने, नंतर जोडीदाराबरोबर. रात्री साडेदहाला दिवा बंद. जोडीदाराला सोडून कुठे जायचे नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याला, बाजारहाटाला आणि घरी पत्र लिहायला. २०१९ पर्यंत आईवडिलांना फोन करण्याची मुभा वर्षातून जेमतेम दोनदा असे. आता ती दर आठवड्याला आहे. पगार नाही. उलट खर्चाचा भार तो स्वतः आणि त्याचे घरचे उचलतात.

त्यांच्या आणि आपल्या शिकवणीत देवाविषयी व पवित्र शास्त्राविषयी मोठे मतभेद आहेत. ते झाकायचे कारण नाही. पण आज मुद्दा शिकवणीचा नाही, दारात उभे राहण्याचा आहे. आणि दारात उभा असताना तो मुलगा आणि आपण एकाच जागी उभे असतो.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. १८५२ साली ह्यू फिंडले हा मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही गेला. विरोध पुष्कळ झाला, लहानशी मंडळी उभी राहिली आणि काही वर्षांत ती माणसे परतली. त्याच १८५२ साली दुसऱ्या पंथाचा एक अमेरिकन मिशनरी आपल्या कोल्हापुरात आला. त्याचे नाव रॉयल वाइल्डर. आजही कोल्हापुरात त्याच्या नावाचे चर्च आहे. त्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच, कोल्हापुरात जन्मला. पुढे अमेरिकेत १८८६ साली एका विद्यार्थी संमेलनात शंभर तरुणांनी परदेशी सेवेला जाण्याचा निश्चय केला, त्यामागे हा रॉबर्ट होता. वय तेवीसच्या आत. तरुण मुलांनी घर सोडून परक्या दारात जाण्याची जी मोठी चळवळ त्यातून निघाली, तिचा एक धागा आपल्या गावचा आहे.

पण बापाकडे परत येऊ. वाइल्डर १८४६ मध्ये हिंदुस्थानात आले आणि कोल्हापूरला येण्याआधी अहमदनगरला होते. बाहेरून आलेल्या मिशनऱ्याला पहिले काम काय करावे लागते? मराठी शिकावी लागते. म्हणजे शिकवायला आलेला माणूस आधी पाटी घेऊन शिष्य होऊन बसतो. त्याचा उच्चार चुकतो, पोरं हसतात, पंडित दुरुस्त करतात. ज्यांना आपण प्रकाश द्यायला आलो त्यांच्याचकडून शब्द उसने घ्यावे लागतात. ही देवाची योजनाच असावी असे मला वाटते.

पुढे वाइल्डर आणि त्यांच्या अमेरिकेतल्या बोर्डात वाद झाला. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचे म्हणणे असे, की मिशनऱ्याने उपदेश करावा, मंडळ्या उभ्या कराव्या. इतर धर्मीयांच्या मुलांसाठी शाळा चालवण्यात शक्ती घालवू नये. वाइल्डर शाळांच्या बाजूने उभे राहिले. बोर्डाने हात काढून घेतल्यावर १८६१ मध्ये ते स्वतःच्या जबाबदारीवर कोल्हापूरला परतले. जवळजवळ दहा वर्षे ते तसेच राहिले, मग प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते काम हाती घेतले.

या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे. अँडरसन यांना भीती होती की शाळा हे आमिष होईल. ती भीती खोटी नव्हती. पण दुसरीकडे बघा. शाळेत मूल पाठवणारा बाप सुवार्ता मागत नव्हता, तो अक्षर मागत होता. त्याने जे मागितले ते ऐकून घेणे हीसुद्धा नम्रताच आहे. "तुला काय हवंय ते मला ठाऊक आहे" असे म्हणण्यापेक्षा "तुला काय हवंय?" असे विचारणे अवघड असते.

आता लूकचा दहावा अध्याय उघडा. प्रभू शिष्यांना दोघेदोघे पाठवतो. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. मग क्रम सांगतो. घरात शिरताना शांती द्या. त्याच घरी राहा, जे वाढतील ते खा-प्या. आजाऱ्यांना बरे करा. आणि मग सांगा की देवाचे राज्य जवळ आले आहे. प्रियांनो, हा क्रम पुन्हा वाचा. बोलणे शेवटी आले आहे! जेवण त्याच्या आधी आहे. प्रभूने मुद्दाम त्यांना रिकाम्या हाताने पाठवले, म्हणजे पहिल्या संध्याकाळीच त्यांना कोणाच्या तरी भाकरीची गरज पडावी. यजमानाचे ऋणी झाल्यावाचून त्यांना तोंड उघडता येऊ नये.

इथे आपल्या मॉर्मन मुलाची पंचाईत होते. त्यांच्या मंडळीत १८३३ पासूनच्या एका शिकवणीप्रमाणे चहा-कॉफी वर्ज्य आहे. आणि आपल्याकडे? पंचगंगेच्या काठी राहणारा माणूस दारात कोणी आला की आधी म्हणणार, "या की, बसा की, च्या घ्या." नको म्हटलं तर तो नाराज होतो. काय करावे त्या मुलाने? नियम मोडावा की मन मोडावे?

कोल्हापुरात चहाचा पेला ही साधी गोष्ट नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली होती. महाराजांच्या मदतीने त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात. तेव्हा महाराज स्वतः तिथे गेले आणि त्यांच्या हातचा चहा प्यायले. समतेवर व्याख्यान देणे सोपे होते. पण महाराजांनी गंगारामांकडून काही घेतले. छत्रपती घेणारे झाले आणि हॉटेलवाला देणारा झाला. त्या एका पेल्याने जे सांगितले ते व्याख्यानाने सांगता आले नसते.

म्हणून माझे उत्तर असे. त्या मुलाने चहा घेतलाच पाहिजे असे नाही. ज्याला आपण देवापुढे दिलेला शब्द मानतो तो यजमानाला बरे वाटावे म्हणून मोडला, तर त्या पाहुण्याच्या बाकीच्या शब्दांवर तरी कोणी का विसंबावे? पण "नको" म्हणून गप्प बसणे, आणि "मावशी, मी चहा घेत नाही, पण मला तहान लागलीय, पाणी द्याल का?" असे म्हणणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात दार बंद होते. दुसऱ्यात तो गरजवंत म्हणून आत येतो.

आणि हेच तर प्रभूने केले. शोमरोनाच्या विहिरीवर, भर दुपारी, थकलेला. ज्यांच्याशी यहूदी लोक व्यवहार ठेवत नसत त्या लोकांतली एक बाई समोर. त्याच्याजवळ जिवंत पाणी होते. तरी त्याचे पहिले वाक्य देण्याचे नाही, मागण्याचे आहे. पोहरा तिच्याकडे होता, त्याच्याकडे नव्हता. तिला नवल वाटले ते त्याच्या शिकवणीचे नव्हे. हा माझ्याकडे पाणी मागतो, याचे.

कोणी म्हणेल, "हीसुद्धा युक्तीच झाली. पाणी मागायचे, ओळख काढायची, मग जाळे टाकायचे." खरे आहे, असे होऊ शकते. म्हणून एक कसोटी स्वतःला लावावी. तो माणूस स्वच्छ "नाही" म्हणाला, आता पुन्हा हा विषय नको म्हणाला, तर त्याच्या पाण्याचे ऋण मला आठवते का? त्याची आई आजारी पडली तर मी जाईन का? रस्त्यात भेटला तर ओळख देईन का? जर उत्तर नाही असेल, तर मी त्याच्याकडे गेलोच नव्हतो, माझ्या आकड्याकडे गेलो होतो. पौल करिंथकरांस सांगतो की लावणारा आणि पाणी घालणारा काहीच नाही, वाढवणारा देव आहे (१ करिंथ ३). ज्याच्या हातात वाढ नाही त्याने मोजणी कशाला करावी?

आणि एक गोष्ट दाराच्या आतल्या बाजूला असलेल्यांसाठी. दारात उभा असलेला तो कोणाचा तरी मुलगा आहे. त्याची शिकवण तुम्हाला पटणार नाही. मलाही पटत नाही. तसे सांगा, सौम्यतेने सांगा. पण दिवसभर उन्हात फिरून आलेल्या पोराला पाणी विचारा. पाणी देण्यासाठी त्याचे मत मान्य करावे लागत नाही.

या आठवड्यात एक करा. ज्याला तुम्ही सुवार्ता सांगू इच्छिता, त्याच्याकडे काहीतरी खरोखर मागा. मदत, सल्ला, एखादी गोष्ट शिकवण्याची विनंती. आणि ते घेतल्यावर लगेच वचन काढू नका. आभार माना आणि घरी या.

प्रार्थना : हे प्रभू, तू स्वर्गाचा धनी असून विहिरीवर पाणी मागितलेस. आम्हाला देण्याचा गर्व होतो आणि घेण्याची लाज वाटते. ती लाज काढून टाक. जे आमच्या दारात येतात त्यांना, आणि ज्यांच्या दारात आम्ही जातो त्यांना, आमच्याकडून मान मिळू दे. घरापासून दूर असलेल्या प्रत्येक तरुण लेकराला आज कोणीतरी पेलाभर पाणी देवो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.