रिकाम्या जागेचा मान

सहकार्याने चालणाऱ्या कार्यात सर्वांत अवघड प्रसंग कोणता, असे विचारले असता पुष्कळजण मतभेदाचे नाव घेतील, काहीजण पैशाच्या वाटणीचे. आमच्या मते या दोहोंहून अवघड असा एक प्रसंग आहे, आणि त्यात कोणाचाच अपराध नसतो. तिघांनी मिळून तरुणपणापासून एक काम उभे केले. पुढे त्यांपैकी एकाला आजाराने गाठले. आजार असा, की तो केव्हा सरेल हे वैद्यालाही सांगवेना. उरलेल्या दोघांनी काय करावे? थांबले तर कार्य बुडते. चालू लागले तर सोबत्याला वाटेवर टाकून गेल्याचा दोष पदरी येतो. भांडण झाले असते तर एखादी बाजू तरी घेता आली असती. येथे बाजू घ्यावयासही कोणी समोर नाही.

हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला तो एका इंग्रज त्रयीच्या नव्या ध्वनिमुद्रिकांनी. या त्रयीचे नाव ‘डव्ह्ज’, म्हणजे पारवे. देवळाच्या सभामंडपात अभंग आणि आरत्या ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांस रॉक संगीताचा विषय या पृष्ठांवर कदाचित परका वाटेल. लहान, स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्थांच्या आश्रयाने वाढलेल्या ज्या संगीताला तिकडे ‘इंडी’ म्हणतात, त्याच्या गुणदोषांची चर्चा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु धर्मसंकट कोणत्या वाद्याच्या संगतीत उभे राहिले, यावर त्याचे गांभीर्य अवलंबून नसते.

या तिघांची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. जेझ आणि अँडी विल्यम्स हे जुळे बंधू. पहिले गिटार वाजवितात, दुसरे तालवाद्य. तिसरे जिमी गुडविन. ते बास गिटार वाजवितात आणि मुख्य गायकही तेच. इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील विल्म्स्लो येथे शाळकरी वयात त्यांची ओळख झाली. कापडाच्या गिरण्यांमुळे ज्याचे नाव आपल्या आजोबा-पणजोबांच्याही तोंडी होते, ते मँचेस्टर त्यांची कर्मभूमी झाले. आरंभी ‘सब सब’ या नावाने ते नृत्यसंगीत करीत आणि १९९३ साली त्यांच्या एका गीताने ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसरे स्थान मिळविले. पुढे १९९६ साली शहराच्या जुन्या गिरणभागातील, अँकोट्स येथील त्यांचे ध्वनिमुद्रणगृह जळून खाक झाले, आणि तेही जुळ्या बंधूंच्या वाढदिवशी. एवढ्या आघाताने एखादी मंडळी पांगली असती. हे तिघे पांगले नाहीत. जुनी वाट सोडून त्यांनी गिटारचे, संथ आणि गंभीर वळणाचे संगीत हाती घेतले, आणि १९९८ पासून ते ‘डव्ह्ज’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

२००० ते २००९ या काळात त्यांच्या चार दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांपैकी २००२ ची ‘द लास्ट ब्रॉडकास्ट’ आणि २००५ ची ‘सम सिटीज’ या दोन्ही ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचल्या. नंतर त्यांनी दीर्घ विश्रांती घेतली. या विश्रांतीत गुडविन यांनी २०१४ साली स्वतंत्र मुद्रिका काढली आणि बंधूंनी ‘ब्लॅक रिव्हर्स’ या नावाने २०१५ साली आपली. २०१९ च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, कर्करोगग्रस्त तरुणांच्या साहाय्यार्थ झालेल्या कार्यक्रमात, तिघे पुन्हा एकत्र उभे राहिले. २०२० च्या सप्टेंबरात ‘द युनिव्हर्सल वाँट’ ही मुद्रिका निघाली आणि तीही अग्रस्थानी गेली. अकरा वर्षांच्या मौनानंतर इतके स्वागत क्वचितच कोणाच्या वाट्यास येते.

आणि नेमका याच सुदिनी प्रश्न दारात येऊन उभा राहिला. २०२१ साली गुडविन यांच्या मनःस्वास्थ्याच्या काळजीने ठरलेले सर्व कार्यक्रम रद्द करण्यात आले. मुद्रिका लोकांच्या हाती होती, श्रोते उत्सुक होते. तरीही सगळे थांबले. पुढे तिघांनी सहावी मुद्रिका सिद्ध केली. ‘कॉन्स्टेलेशन्स फॉर द लोनली’, म्हणजे एकाकी जनांसाठी नक्षत्रपुंज, या नावाने ती २०२५ च्या फेब्रुवारीत निघाली. तीत गुडविन यांचा कंठ आहे, आणि काही गीते विल्यम्स बंधूंनी गाइली आहेत. २०२४ च्या अखेरीस जेव्हा पुन्हा रंगमंचावर जाण्याची वेळ आली, तेव्हा गुडविन अद्याप प्रकृती सावरीत असल्यामुळे येणार नाहीत, असे उघडपणे सांगून दोघे बंधू इतर वादकांच्या साथीने गेले, आणि मुख्य गायनाचा भार त्यांनी आपसांत वाटून घेतला. गुडविन त्रयीचे घटक राहिलेच.

म्हणजे एकाच माणसाच्या एकाच दुखण्यासाठी ही मंडळी २०२१ मध्ये थांबली आणि २०२४ मध्ये चालली. यांतील कोणते वर्तन योग्य? आमचे उत्तर असे की, दोन्ही. आणि हे उत्तर पळवाटेचे नाही, हे दाखविणे हाच या लेखाचा हेतू.

थांबण्याच्या बाजूने बोलणे सोपे आहे. जेथे मित्राचे स्वास्थ्य धोक्यात आहे तेथे कार्यक्रम, कीर्ती, तिकिटे यांना काय किंमत? आग लागलेल्या घरातून माणूस आधी बाहेर काढावा, भांडी मागाहून मोजावी. पण आग विझल्यानंतरही जो अंगणातच बसून राहतो, त्याला आपण शहाणा म्हणत नाही. तीव्र संकटात थांबणे हा धर्म खरा. परंतु मनाची व्याधी ही पुष्कळदा आगीसारखी नसून ऋतूसारखी असते. ती सावकाश उतरते, मध्येच परतते, आणि तिला तिथी-वार कळत नाही. अशा दीर्घ काळात ‘तुझ्यासाठी आम्ही सर्व काही बंद ठेवले आहे’ हे वाक्य वरून प्रेमाचे दिसले, तरी ते ऐकणाऱ्याच्या छातीवर धोंडा ठेवते. आता त्याला केवळ बरे व्हावयाचे नसते. लवकर बरे व्हावयाचे असते. त्याच्या एका निजेवर इतरांची उपजीविका अडलेली असते. जो कार्यक्रमासाठी सिद्ध नाही, त्याने स्वतःच्या आरोग्याचीच मुदत भरावी, असा हा तगादा आहे. किंबहुना सावकाराने दारात येऊन काही न बोलता बसावे, तसा तो आहे. म्हणूनच थांबण्यातही क्रूरता असू शकते, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो. कारण त्यागाचे रूप घेऊन आलेली क्रूरता सहसा ओळखू येत नाही.

उलट पक्षी, चालत राहण्यातील धोका तर उघडच आहे. प्रवाह वाहता ठेवला की पाणी खड्डा भरून काढते. पहिल्या दिवशी श्रोते विचारतात, ‘ते का आले नाहीत?’ दहाव्या दिवशी विचारीत नाहीत. एका वर्षाने नव्या आवाजाची सवय होते. आणि सवयीइतके निर्दय काही नाही, कारण तिच्यात द्वेषाचा लवलेशही नसतो. येथे तर मागे उरलेले दोघे सख्खे जुळे भाऊ, आणि गैरहजर राहिलेला मित्र. रक्ताचे नाते ज्यांना बांधून ठेवते त्यांना तिसऱ्याची उणीव भासणार नाही, अशी भीती कोणाही विचारी माणसाला वाटेल. त्यामुळे या दोघांवरची जबाबदारी अधिकच जड होती.

या ठिकाणी आम्हांस महाभारतातील महाप्रस्थानाची आठवण होते. पांडव आणि द्रौपदी उत्तरेकडे निघाले. वाटेत एकेक जण पडला. धर्मराज थांबला नाही. त्याने मागे वळूनही पाहिले नाही. हा भाग वाचताना अनेकांच्या मनात त्याच्याविषयी किंतु उत्पन्न होतो, आणि तो स्वाभाविक आहे. परंतु तीच कथा पुढे वाचावी. इंद्र रथ घेऊन आला तेव्हा धर्मराजाच्या तोंडून प्रथम निघाली ती मागे पडलेल्यांचीच गोष्ट. त्यांच्यावाचून त्याला स्वर्ग नको होता. मग त्याने सोबत आलेल्या कुत्र्यासाठी स्वर्गाचे दार अडवून धरले. आणि अखेर आपली माणसे नरकात आहेत असे दिसताच तो तेथेच राहावयास सिद्ध झाला. व्यासांनी चालण्याला पाप ठरविले नाही. चालणाऱ्याची परीक्षा त्यांनी मुक्कामाच्या दारात घेतली. सत्कार होत असताना, रथ समोर असताना, आसन मांडलेले असताना, तुझ्या ओठांवर कोणाचे नाव आहे? या एका प्रश्नावर सारा निकाल लागतो.

हे गमक लावले असता विल्यम्स बंधूंच्या वर्तनातून तीन गोष्टी निघतात, आणि त्या कोणत्याही सहकार्यास लागू पडतील असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट स्पष्टवक्तेपणाची. श्रोत्याला आगाऊ सांगितले गेले की ज्या कंठासाठी तू येणार तो कंठ या वेळी नसेल. तिकीट घेणाऱ्याचाही एक हक्क असतो. त्याच्या प्रेमाचा लाभ घेऊन त्याला अंधारात ठेवणे हा लहान का होईना, कपटव्यवहारच. दुसरी गोष्ट भार उचलण्याची. या दोघांनी गुडविन यांच्या जागी नवा कायम गायक नेमला नाही. ती गीते स्वतःच्या गळ्यावर घेतली. भाड्याने आणलेला आवाज कदाचित अधिक सफाईने गाइला असता, पण त्याने जागा भरली असती. तिसऱ्याचे काम आपणच तात्पुरते उचलले म्हणजे ते काम आपले नव्हे, याची आठवण प्रत्येक स्वरागणिक राहते. तिसरी गोष्ट मुदत न घालण्याची. अमुक दिवसापर्यंत आलास तर तुझा वाटा, नाही तर नाही, ही भाषा बाजारात शोभते. ज्यांनी जळालेल्या घराच्या राखेतून एकत्र वाट काढली, त्यांच्यात ती शोभत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की, मुख्य गायकच नाही तर ते नाव तरी का वापरावे? तीच मंडळी आहे असे म्हणणे हा नावाचा व्यापार नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. आमच्या मते नाव राखणे केव्हा खोटे ठरते? त्या नावाखाली गेलेल्याला विसरविण्याचा उद्योग चालतो तेव्हा. ते राखणे गेलेल्याच्या परतीसाठी असेल, तर नाव हेच त्याचे घर ठरते. नाव बदलले असते तर गुडविन यांनी परत यावयाचे कोठे? आणि मुद्रिकेत तर तो कंठ आहेच. रंगमंचावर रिकामी दिसणारी जागा घरच्या यंत्रावर भरलेली ऐकू येते. नक्षत्रपुंजातील तारे एकमेकांपासून कल्पनातीत दूर असतात. त्यांना एका आकृतीत बांधते ती पाहणाऱ्याची दृष्टी. मुद्रिकेचे नाव ठेवताना कर्त्यांच्या मनात काय होते ते असो. या तिघांना एका आकृतीत ठेवण्याचे काम काही अंशी ऐकणाऱ्यांवरही येते, एवढे त्या नावावरून आम्हांस सुचले.

आता हे सर्व आमच्या वाचकांशी कोठे भिडते ते सांगून हा लेख आवरता घेतो. अखंड भजनाच्या सप्ताहात पाळ्या बदलतात, पण टाळ थांबत नाहीत. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, भुईवर टेकत नाही. कार्य चालू ठेवण्याचा धर्म आपल्याला कोणी शिकवावयास नको. तो आपल्या हाडी मुरलेला आहे. परंतु वीणा उतरवून ठेवणारा नंतर कोठे जातो, याची चौकशी आपण तितक्याच निष्ठेने करतो काय? एखादा जुना भजनी, एखादा कीर्तनकार, देवस्थानच्या हिशेबाला वर्षानुवर्षे बसलेला एखादा महाजन मनाच्या दुखण्याने घरी बसतो. पाय मोडला असता तर रांगेने माणसे भेटीस गेली असती. मन मोडले म्हणून कोणी जात नाही. घरचे लोक ‘प्रकृती बरी नाही’ एवढे पुटपुटतात, आणि आपण सुटल्यासारखे पुढे जातो. उत्सव यथासांग पार पडतो. पुढल्या वर्षीच्या पत्रिकेत त्याचे नाव नसते. कोणी ते काढलेले नसते. ते घालावयाचे राहून गेलेले असते.

ही राहून जाण्याची क्रिया अडविणे, एवढेच आमचे मागणे आहे. त्याच्यासाठी उत्सव थांबवू नये. तसे केल्याने त्याचे दुखणे वाढेल. त्याची पाळी दुसऱ्याने घ्यावी, मन लावून घ्यावी. मात्र पत्रिकेत त्याचे नाव असावे, प्रसाद त्याच्या घरी पोहोचावा, बैठकीत त्याची जागा कोणी आपली म्हणून धरू नये, आणि ‘केव्हा येणार?’ हे त्याला विचारू नये. ‘आलास की तुझी जागा आहे’ एवढेच सांगावे. तो येईलच असे नाही. पण रिकाम्या जागेला मान देणारी मंडळी आणि ती भरून टाकणारी मंडळी यांचे गाणे बाहेरून एकसारखे ऐकू आले, तरी आतून ते एक नसते. आणि घरी बसून ऐकणाऱ्या त्या एकाला तो भेद बरोबर कळतो.