सोडायचं तर मोजून सोडावं

गाळ्याचं भाडं थकलं की घरात हमखास दोन मतं पडतात. एक म्हणतं, "कुलूप ठोका." दुसरं म्हणतं, "जाऊ दे, देईल बिचारा." मला दोन्ही मतं अपुरी वाटतात.

आमच्या बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली या भागात खाली दुकान आणि वर घर अशा इमारती पुष्कळ. एकट्या राहिलेल्या कितीतरी बायकांचा महिना अशा एका गाळ्याच्या भाड्यावर निघतो. त्यामुळे मालक तेवढा श्रीमंत आणि भाडेकरू तेवढा गरीब, हे गणित दरवेळी जुळत नाही. कधी मालकीणबाई औषधं उधारीवर आणतात आणि भाडेकरू नवी गाडी घेतो. कधी भाडेकरूच्या बायकोच्या पाटल्या गहाण पडलेल्या असतात आणि तिनं ते माहेरीसुद्धा सांगितलेलं नसतं. म्हणून किती थकलं हे विचारण्याआधी का थकलं हे विचारायला हवं. देता येत नाही आणि द्यायचंच नाही, यात फार अंतर आहे.

ऐपत असून जो देत नाही, त्याचं काय? अचौर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुलूप फोडणारा चोर येतो. पण न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, असंच आपण लहानपणापासून पाठशाळेत ऐकत आलो. मग दुसऱ्याच्या जागेत रोज गल्ला मोजायचा आणि कोर्टात तारखांवर तारखा घेत बसायचं, हे त्यातून कसं सुटेल? कायद्यातून वाट सापडली म्हणून मन साफ होत नाही.

आता मालकाकडे बघू. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला एक आहे अन्नपाणी रोखणं. ज्या शटरवर एका घराचं पोट आहे, त्याला रात्रीतून आपलं कुलूप घालणं यापासून फार लांब नाही. कायद्यालाही ते मान्य नाही. कायदेशीर मार्ग सोडून कुणाला जागेबाहेर काढलं, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याखाली तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, समोर खुद्द मालक असला तरी.

कर्नाटकात १४ चौरस मीटरपेक्षा मोठा व्यापारी गाळा १९९९ च्या भाडे कायद्यात येत नाही. तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. महिन्याच्या भाड्यानं दिलेली जागा सोडवायला, वेगळा करार नसेल तर, १५ दिवसांची नोटीस पुरते. तरी याच कायद्याच्या ११४ व्या कलमात एक फट ठेवलेली आहे. थकबाकीपायी भाडेपट्टा रद्द झाला असला, तरी सुनावणीच्या वेळी भाडेकरूनं बाकी, व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, तर कोर्ट त्याला वाचवू शकतं. इंग्रजांच्या काळच्या कोरड्या कायद्याला एवढी दया सुचली. पण बघा, त्या दयेतही हिशेब सुटलेला नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये हाच प्रश्न देशभर उभा राहिला. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या खटल्यात उच्च न्यायालयानं त्या मे महिन्यात सांगितलं, की जागा तुमच्याकडे आहे तोवर भाडं द्यावं लागेल. भरायला थोडी मुदत मात्र देऊ.

मला वाटतं, आपण इथेच चुकतो. "बघू, द्या सवडीनं," असं तोंडानं म्हणतो आणि मनात एकेक महिना मोजत राहतो. तिकडे भाडेकरू समजतो, माफ झालं. दोन वर्षांनी वकिलाची नोटीस जाते, तेव्हा दोघांनाही फसवलं गेल्यासारखं वाटतं. जी क्षमा स्पष्ट बोललेली नाही, तिचा आत कषाय होतो. क्रोध आधी साठतो, कुलूप नंतर लागतं.

म्हणून सोडायचं तर मोजून सोडावं. तीन महिन्यांचं भाडं सोडलं, चौथ्यापासून अमुक तारखेला हवं, असं कागदावर लिहून दोघांनी सही करावी. त्या आधी घरात विचारावं, की हे सोडणं कुणाच्या ताटातून जाणार आहे? सासूबाईंच्या नावचा गाळा असेल तर दानशूरपणा मुलानं करू नये. आणि भाडेकरूच्या घरातल्या बाईनंही नवऱ्याला पहिल्याच महिन्यात म्हणावं, "जाऊन सांगून या, यंदा जमत नाही म्हणून." मालकाला टाळून मागच्या गल्लीनं जाण्यापेक्षा ते सोपं आहे.

एवढं करूनही नाहीच जमलं, तर कोर्टात जाण्यात पाप नाही. आपला हक्क मागताना समोरच्याचं वाईट चिंतायचं नाही, एवढं मात्र आपल्याला सांभाळता येतं. आणि येत्या पर्युषणात त्याच घरी क्षमा मागायला जाताना पाय अडखळत नाहीत.