दाखवणे आणि सांगणे : चित्रपुस्तकातील मौनाचा नैतिक विचार

‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात प्लेटो आदर्श राज्यातील शिक्षणाचा विचार सुरू करतो तो दाया आणि आया मुलांना कोणत्या गोष्टी सांगतात, या प्रश्नापासून. मुलाचे मन कोवळे असते, त्यावर उमटवावा तो ठसा उमटतो, म्हणून गोष्टी पारखून निवडल्या पाहिजेत, असा त्याचा आग्रह आहे. या आग्रहामागे एक गृहीत दडलेले आहे. सांगणाऱ्याला गोष्ट संपूर्ण ठाऊक असते आणि ऐकणाऱ्याला जेवढी सांगितली जाईल तेवढीच मिळते, हे ते गृहीत होय. मराठीतील बालसाहित्याची चर्चाही बव्हंशी याच गृहीतावर उभी राहिली. संस्कार, बोध, तात्पर्य हे तिचे परवलीचे शब्द पाहिले तरी हे ध्यानात येते. चित्रपुस्तक नावाचा साहित्यप्रकार या गृहीताला छेद देतो, आणि त्याचे नैतिक महत्त्व तेथूनच शोधावे लागते.

‘सचित्र पुस्तक’ आणि ‘चित्रपुस्तक’ यांत येथे भेद करणे आवश्यक आहे. सचित्र पुस्तकातील चित्रे काढून टाकली तरी कथा शिल्लक राहते. चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र ही दोन्ही अपुरी असतात आणि कथा त्या दोहोंच्या मधल्या जागेत घडते. मुलांसाठीच्या चित्रयुक्त पुस्तकांचा आद्य नमुना म्हणून १६५८ साली प्रसिद्ध झालेल्या कोमेनियसच्या ‘ऑर्बिस पिक्टस’चा निर्देश नेहमी होतो. मात्र त्यात चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा दिलेला आहे आणि त्याच आकड्यासमोर मजकुरात तिचे नाव आहे. शब्द आणि वस्तू यांत फट राहू नये ही कोमेनियसची शैक्षणिक निष्ठा होती. आधुनिक चित्रपुस्तकाचा जन्म ती फट हेतुपुरस्सर ठेवण्यातून झाला.

या फटीचे सर्वांत निर्मळ उदाहरण म्हणजे पॅट हचिन्स यांचे ‘रोझीज वॉक’ (१९६८). अवघ्या बत्तीस शब्दांचे, एकाच वाक्याचे हे पुस्तक. रोझी नावाची कोंबडी वाड्याभोवती फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढेच ते वाक्य सांगते. चित्रांत मात्र आरंभापासून तिच्या मागावर एक कोल्हा आहे. तो दाताळ्यावर पाय देऊन नाक फोडून घेतो, तळ्यात पडतो, गवताच्या गंजीत गाडला जातो, पिठाखाली पुरला जातो आणि अखेरीस मधमाश्यांपुढे पळ काढतो. संहितेत कोल्ह्याचा उल्लेख एकदाही नाही.

या पुस्तकाचे वाचन प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्याजोगे आहे. प्रौढाची दृष्टी अक्षरांवर असते, मुलाची चित्रावर. ज्याला लिपी येते त्याच्या वाट्याला एक निरुपद्रवी फेरफटका येतो, आणि ज्याला ती येत नाही त्याला संकट दिसते. ‘कोल्हा! कोल्हा!’ असे ओरडून सांगण्याची जबाबदारी मुलावर येऊन पडते. ज्ञानाची नेहमीची उतरंड येथे उलटी होते. संहितेतील एकही शब्द खोटा नाही. कोंबडी फिरायला गेली आणि परत आली, हे खरेच आहे. तरीही केवळ खरे शब्द उच्चारणारा निवेदक या ठिकाणी अपुरा ठरतो आणि त्याचे अपुरेपण अक्षरशत्रू श्रोत्याला दिसते. अधिकृत वाणी खरी असूनही अपुरी असू शकते, या जाणिवेची ही बहुधा मुलाच्या आयुष्यातील पहिली ओळख असावी. नीतिकथेला हे साधणे कठीण, कारण तिचे तात्पर्य निवेदकाच्याच मुखातून येते.

यावर जॅकलिन रोझ यांच्या भूमिकेतून एक आक्षेप संभवतो. ‘द केस ऑफ पीटर पॅन’ (१९८४) या ग्रंथात त्यांनी बालसाहित्य ही एका अर्थी अशक्य गोष्ट आहे असे प्रतिपादन केले. लिहिणारा, छापणारा, विकत घेणारा आणि देणारा प्रौढ आधी येतो, मूल मागाहून येते, आणि पुस्तकातील ‘मूल’ ही प्रौढाच्या इच्छेची निर्मिती असते. या न्यायाने कोल्हा पाहणाऱ्या मुलाचा विजय हाही प्रौढाने योजून दिलेला, म्हणजे लुटुपुटीचा विजय ठरतो. आक्षेप खोडून काढता येण्याजोगा नाही, पण तो अपुरा मात्र आहे. रोझीला कोल्ह्याची जाणीव आहे की नाही, याचे उत्तर शब्द देत नाहीत आणि चित्रेही देत नाहीत. ती भोळी आहे की पक्की धूर्त, हे लेखिकेने कोठेही नोंदवलेले नाही. शब्द हे चित्राच्या अनेकार्थतेला नांगर टाकून स्थिर करतात, असे रोलाँ बार्थ यांनी १९६४ च्या निबंधात म्हटले होते. येथे तो नांगरच नाही. या एका प्रश्नापुरते तरी प्रौढ आणि मूल समान अज्ञानात असतात, आणि असे समान अज्ञान त्या दोघांच्या नात्यात विरळाच लाभते.

मॉरिस सेंडाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या पुस्तकाभोवतीचा वाद याच संदर्भात पाहावा. लांडग्याचा वेष घालून धुडगूस घालणाऱ्या मॅक्सला आई उपाशी झोपायला पाठवते. त्याच्या खोलीत जंगल उगवते, तो समुद्रापार अक्राळविक्राळ प्राण्यांच्या देशात जातो, त्यांचा राजा होतो आणि परततो. पुढच्याच वर्षी या पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळाले. परंतु १९६९ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम या मनोविश्लेषकांनी एका महिला मासिकात त्यावर टीका केली. आईने अन्न नाकारणे हे मुलाच्या दृष्टीने परित्यागाचे भय आहे, असा तिचा रोख होता. विशेष हे, की त्यांनी पुस्तक पाहिलेले नव्हते. मातांनी केलेल्या वर्णनावर ते विसंबले होते, म्हणजे पुस्तकाचा जो अंश सांगता येतो तेवढाच त्यांच्यापर्यंत पोचला होता. याच बेटेलहाइम यांनी १९७६ मध्ये परीकथांतील क्रौर्याचे समर्थन केले, आणि त्याच ग्रंथात परीकथांना चित्रे नसावीत असेही म्हटले. चित्र मुलाची कल्पना बांधून ठेवते, असे त्यांचे मत होते. शब्दावर इतका विश्वास आणि चित्रावर इतका अविश्वास असणाऱ्याला सेंडाक यांचे पुस्तक न उमगणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

कारण परित्यागाच्या भयाला या पुस्तकाने दिलेले उत्तर त्याच्या रचनेत आहे. आरंभीची चित्रे रुंद पांढऱ्या समासात कोंडलेली आहेत. मॅक्सची कल्पना जसजशी विस्तारते तसतसे चित्र पसरत जाते आणि शेवटी धिंगाण्याच्या तीन जोडपानांवर शब्दांना जागाच उरत नाही. मुलाचा राग येथे कोणी नावाने संबोधत नाही, त्याची निर्भर्त्सना नाही की समर्थनही नाही. त्याला फक्त जागा मिळते. घरातील जिन्याजवळच्या एका आरंभीच्या चित्रात भिंतीवर मॅक्सने काढलेले एक राक्षसी तोंड टांगलेले दिसते. म्हणजे ते प्राणी आधीपासून त्याचेच होते. हे शब्दांत नाही, पण पाहणाऱ्याला सापडते. याहून विचारार्ह आहे ती आई. ती एकाही चित्रात नाही. तिचा राग शब्दांत येतो आणि तिची क्षमाही शब्दांतच येते. परतलेल्या मॅक्ससाठी खोलीत जेवण ठेवलेले असते. ते अजून गरम आहे, हे सांगणाऱ्या शेवटच्या पानावर चित्र नाही. अक्षर न येणाऱ्या मुलाला ते पान कोरे. ते त्याच्यापर्यंत पोचायचे तर कोणी प्रौढाने उच्चारावे लागते. क्षमेची ग्वाही मुलाला आपल्या शेजारी बसलेल्या माणसाच्या आवाजात मिळते. पुस्तकात न दिसलेली आई अशी वाचनाच्या क्रियेत हजर होते.

येथवरच्या विवेचनावरून, जे दाखवले जाते ते प्रामाणिक आणि जे सांगितले जाते ते संशयास्पद, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो टिकणार नाही. जाँ द ब्रुनॉफ यांच्या ‘बाबार’च्या पहिल्या पुस्तकात (१९३१) शिकारी हत्तिणीला मारतो, पोरका बाबार शहरात येतो, एक श्रीमंत वृद्धा त्याला पैसे देते, तो सूट विकत घेतो, दोन पायांवर चालतो, आणि परतल्यावर हत्ती त्याला राजा करतात. एरिएल डॉर्फमन यांनी १९८३ मध्ये या कथेत वसाहतवादाचा पाठ वाचला. तो पाठ पुस्तकात लपवलेला नाही, तो पानापानावर दिसतो. सूट आणि मोटार ही चित्रातील सर्वांत आकर्षक अंगे आहेत. दिसणे आणि लक्षात येणे यांत अंतर असते, आणि सत्ता त्या अंतरातच नांदते. मग कोल्हा आणि सूट यांत फरक कोणता? ‘रोझी’मध्ये शब्द आणि चित्र यांचे जमत नाही, त्या बेबनावातून मुलाला प्रश्न पडतो. ‘बाबार’मध्ये दोघांचे मेतकूट आहे. शब्द जे सांगतात तेच चित्र गोड करून दाखवते, आणि प्रश्न विचारायला कोणतीच खाच राहत नाही. पुस्तक जाळावे काय, असा प्रश्न हर्बर्ट कोल यांनी १९९५ मध्ये आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच विचारला होता. जाळण्याने खाच निर्माण होत नाही. ती वाचणाऱ्याने पाडावी लागते.

मृत्यूच्या प्रसंगी हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथे मुलाने काही विचारलेलेच नसते. जॉन बर्निंगहॅम यांच्या ‘ग्रॅनपा’ (१९८४) या पुस्तकात आजोबा आणि नात यांचे तुटक संवाद आहेत, दोघांची अक्षरे वेगळ्या वळणाची आहेत. दोघे एकमेकांशी बोलतात, पुष्कळदा एकमेकांच्या बाजूने निसटूनही जातात. एका पानावर आजोबा आज खेळायला येऊ शकत नाहीत. मग एक पान येते, शब्दांविना : हिरवी रिकामी खुर्ची आणि तिच्याकडे पाहत बसलेली मुलगी. हे लपवणे आहे काय? लपवण्यात ऐकणाऱ्याजवळ पडताळ्याचे साधन ठेवले जात नाही. येथे पुरावा पुढ्यात मांडलेला आहे, फक्त निवाडा केलेला नाही. ज्या मुलाची तयारी नसेल ते पान उलटील, ज्याची असेल ते थांबेल. किती जाणून घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार मुलाकडे राहतो. व्होल्फ एर्लब्रुख यांच्या बदकाच्या पुस्तकात (२००७) मृत्यू चौकटीचा झगा घालून, हाती ट्यूलिप घेऊन वावरतो आणि त्याचे नाव स्पष्ट उच्चारले जाते. धैर्य त्यातही आहे, आणि पानांवरची मोकळी जागा त्या उच्चाराला सोसण्याजोगे करते. तरी बर्निंगहॅम यांचा मार्ग अधिक अवघड म्हणावा लागेल. त्यात वाचणाऱ्या प्रौढाच्या हाती आधाराला एकही शब्द दिलेला नाही.

चित्र पाहावे आणि शब्द ऐकावा, ही स्थिती महाराष्ट्राला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी सुट्या पानांच्या पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून कथा गात आले. तो श्रोता प्रौढ होता. निरक्षर पाहणारा म्हणजे अप्रगल्भ पाहणारा हे समीकरण त्या परंपरेला ठाऊक नव्हते. अलीकडच्या मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत शब्द आणि चित्र एकाच हातचे असल्याने, काय उच्चारायचे आणि काय पानावर नुसते ठेवायचे, याचा विवेक दिसतो. मात्र घरोघरीचे वाचन अजून तात्पर्याच्या सवयीतून सुटलेले नाही. रिकाम्या खुर्चीच्या पानावर आल्यावर वाचणारा प्रौढ सहसा गप्प राहत नाही. आजोबा देवाघरी गेले, किंवा गावाला गेले, असे तो आपल्या पदरचे वाक्य घालतो. त्या वेळी मूल खुर्चीकडे पाहत असते, आणि त्याने अजून काहीही विचारलेले नसते.