धुऱ्यावरचं गवत

लांजीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक म्हातारा राहत होता. उमेदीत तो लावे धरायचा. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे धुऱ्यावरच्या गवतात मांडायचा आणि सापडलेले लावे बाजारात विकायचा. थव्यातली एक जोडी मात्र सोडून द्यायचा. बापानं तसंच शिकवलं होतं. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ साली परवान्याची शिकारही बंद झाली. कायदा चांगलाच होता. तो नसता तर उरलेसुरले लावेही गेले असते. म्हाताऱ्यानं फासे चुलीत घातले आणि तो मजुरीला जाऊ लागला.

वर्षं गेली. लावे वाढायचे सोडून त्यांची शीळही ऐकू येईना. गावच्या पटेलाला ती शीळ लहानपणापासून आवडायची. एक दिवस त्यानं म्हाताऱ्याला वाटेत गाठलं.

"खरं सांग बाबा, रात्री फासे मांडतोस ना?"

म्हातारा रागावला नाही. "उद्या झुंजूमुंजू माझ्यासंगं चला, पटेल."

वैशाख होता. पटेलाच्या बांध्यांचे धुरे काळेठिक्कर पडले होते. दरसाल तो ते पेटवून साफ करायचा. चपलेखाली राख कुरकुरत होती. शेवटी एका विधवेचा धुरा लागला. गाईला गवत मिळावं म्हणून ती तो जाळत नसे. म्हातारा उकिडवा बसला, त्यानं बोटांनी गवत बाजूला केलं. बुडाशी ताटलीएवढी जागा बसून बसून गुळगुळीत झाली होती, मधोमध ताजी विष्ठा.

"रात्री थवा इथं बसतो. शेपट्या आत, चोची बाहेर, गोल. रानमांजर कुठूनही येवो, एकाला तरी दिसतंच. पिलांना उधई लागते, तीही वाळल्या गवताच्या बुडाशीच."

पटेल आपल्या काळ्या धुऱ्यांकडे बघत राहिला.

"मी फाशातून एक जोडी सोडायचो, पटेल. आगीला जोडी सोडता येत नाही."

पुढच्या वैशाखात पटेलानं धुरे पेटवले नाहीत. उंदीर होतील, असं गडी म्हणाला. "होऊ देत," पटेल म्हणाला.

तिसऱ्या वर्षी दिवेलागणीला तो धुऱ्यावरून येत होता. पायाजवळून भुर्रकन थवा उडाला आणि चहूकडे पांगला. पटेल जागीच थांबला. घटकाभरानं एका लाव्यानं बारीक शीळ घातली. पलीकडच्या बांधीतून दुसऱ्यानं ओ दिली, मग तिसऱ्यानं. पटेल म्हाताऱ्याला हाक मारायला गावाकडे धावत सुटला.