गादी रिकामी असताना

‘यांच्यानंतर कोण?’ हा प्रश्न आपल्याकडे नेहमी नावाने विचारला जातो. साखर कारखान्याचे चेअरमन गेले, शिक्षणसंस्थेचे संस्थापक गेले, पक्षाचे पुढारी गेले, की चर्चा मुलगा, पुतण्या की जावई इथेच घुटमळते. काम कसं चालेल, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मराठ्यांच्या इतिहासात मात्र अशी अठरा वर्षं आहेत, ज्यांत गादीवर कोण यापेक्षा गादीभोवती काय उभं आहे, याने राज्याचं भवितव्य ठरलं. वारसा म्हणजे पदाचा की कामाचा, या विचाराची आपल्याकडची वाट तिथून सुरू होते.

१६८९च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. रायगडाला मोगलांचा वेढा पडत होता. गडावर येसूबाई होत्या आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा शाहू. वंशाच्या हिशेबाने गादी शाहूची. येसूबाईंनी दीर राजारामांना पुढे केलं, त्यांना गडाबाहेर काढलं आणि स्वतः मुलासह मागे राहिल्या. नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई कैदेत गेल्या, त्या सुटल्या १७१९ साली. आपल्या मुलाच्या हक्कापेक्षा राज्य चालू राहणं मोठं मानणारा हा निर्णय आपल्या इतिहासात हवा तेवढा बोलला जात नाही, असं मला वाटतं.

राजाराम महाराज गेले थेट जिंजीला, म्हणजे आजच्या तमिळनाडूत. स्वराज्याचा मूळ मुलूख सांभाळायला मागे राहिले रामचंद्रपंत अमात्य. ‘हुकूमतपन्हा’ असा किताब देऊन त्यांच्या हाती जवळजवळ राजाइतकेच अधिकार दिले गेले. त्यांच्या जोडीला शंकराजी नारायण, मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. छत्रपती एका टोकाला, कारभार दुसऱ्या टोकाला, मधला मुलूख शत्रूच्या ताब्यात. १७०० साली सिंहगडावर राजारामही गेले आणि पंचविशीतल्या ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली. तरी १७०७ साली अहमदनगरजवळ मरण आलं ते औरंगजेबाला. स्वराज्य उभंच होतं.

हे कसं झालं, याचं उत्तर आपण बहुधा शौर्यात शोधतो. शौर्य होतंच. पण त्यामागे जुनी तयारी होती. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याला गेले आणि अडकले, तेव्हा राज्याने त्यांच्यावाचून काही महिने काढले. पुढे कर्नाटकाच्या स्वारीतही महाराज दीर्घकाळ लांब होते. त्याच स्वारीत, १६७७ साली, त्यांनी जिंजी घेतली आणि तिची तटबंदी नव्याने बांधून काढली. बारा वर्षांनी मुलाला आसरा मिळाला तो याच किल्ल्यात. वेढा वर्षानुवर्षं चालला, १६९८ पर्यंत.

रोजच्या कामाची घडी याहून मोलाची. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी, वेगवेगळ्या जातींचे. गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे, पहारे-गस्त सरनोबताकडे, हिशेब आणि हजेरी सबनिसाकडे. एकट्याला गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये आणि एक पडला तरी गड अडू नये, अशी ही रचना. पगार रोख, कामगिरीबद्दल जमीन तोडून द्यायची नाही, हा महाराजांचा दंडक. असे गड एकदा शेकड्यांनी चालू लागले, की राजधानी पडली तरी राज्य पडत नाही.

पण या व्यवस्थेत एक मोठी फट होती आणि ती सर्वांत वरच्या जागी होती. १६८० साली महाराज गेले तेव्हा पुढचा छत्रपती ठरलेला नव्हता. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंतांसारखे जाणते मंत्री दहा वर्षांच्या राजारामांच्या बाजूने गेले आणि पन्हाळ्यावर असलेल्या संभाजी महाराजांना धरायला निघाले. डाव उधळला तो सरसेनापती हंबीरराव मोहित्यांनी. हंबीरराव हे राजारामांच्या आई सोयराबाईंचे सख्खे भाऊ. राजाराम त्यांचा भाचा. तरी ते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. खालच्या प्रत्येक जागेचा विचार केलेल्या राज्यात वरच्या जागेचा निर्णय असा एका माणसाच्या सचोटीवर येऊन ठेपला.

१६८९ नंतरच्या संकटात दुसरी फट पडली आणि ती अधिक खोल गेली. औरंगजेब मराठा सरदारांना वतनं देऊन फोडत होता. त्यांना धरून ठेवायला राजारामांनाही वतनं देणं भाग पडलं. १६९१ची हणमंतराव घोरपड्यांना दिलेली सनद वाचताना अंगावर काटा येतो. एकूण सहा लाख होनांचं आश्वासन, टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा टप्पा दिल्ली घेतल्यावर! स्वतः वेढ्यात सापडलेला विशीतला राजा दिल्लीचा सौदा करतो आहे. त्या उमेदीपुढे मी नतमस्तक आहे. पण जिंकेल त्याचा मुलूख, या सवयीने तिथेच मूळ धरलं.

याच जिंजीत राजारामांनी कृष्णाजी अनंत सभासदाला वडिलांचं चरित्र लिहून मागितलं. मला यात एका तरुणाची धडपड दिसते: आबासाहेबांनी हे कसं उभं केलं, ते कुणीतरी नीट सांगा. सांगणारी माणसं संपण्याआधी ते कागदावर यायला हवं, ही जाणीव त्या काळात जागी झाली.

तिचं पक्व फळ म्हणजे ‘आज्ञापत्र’. रामचंद्रपंतांनी ते १७१५च्या सुमारास कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांसाठी लिहिलं. शिवाजी महाराजांपासून पाच छत्रपतींचा काळ पाहिलेल्या माणसाचं हे लेखन आहे. त्यातला राजनीतीचा उपदेश मोलाचाच, पण मी पुन्हा पुन्हा उघडतो ती गडांविषयीची पानं. गड बांधण्याआधी पाणी पाहावं. एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण युद्धात तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात; म्हणून टाकी खोदून राखीव पाणी ठेवावं. हवालदार तीन वर्षांनी बदलावा, सरनोबत चार, सबनीस आणि कोठारं सांभाळणारा कारखानीस पाच वर्षांनी. म्हणजे सगळे एकदम बदलत नाहीत आणि कुणी कायमचा रुजतही नाही. आरमारासाठी आंबा-फणसाचं लाकूड उपयोगी, तरी रयतेने वर्षानुवर्षं जोपासलेली झाडं तोडू नयेत. जुनं, फळायचं थांबलेलं झाड मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं. जी गोष्ट वाढायला एक पिढी लागते ती एका मोहिमेत संपवायची नाही, हे या माणसाला पक्कं समजलं होतं.

वतनदारांबद्दल पंत फार सावध आहेत. त्यांना ते राज्यातले वाटेकरीच समजतात. आणि तरीही पंत स्वतः निळो सोनदेवांचे चिरंजीव, अमात्यपद घरातूनच आलेलं. बावड्याची जहागीर त्यांच्या वंशात पुढे पिढ्यानपिढ्या राहिली. भोरला सचिव, औंध आणि विशाळगडला प्रतिनिधी: राज्य वाचवणाऱ्यांची पदं अशीच घराण्यांत मुरली. मी पंतांना दोष देत नाही. जळत्या घरात पाणी कुठल्या भांड्यातून आणलं, हे कुणी विचारत नाही. आग विझल्यावर मात्र विचारायला हवं होतं, आणि पुढे छत्रपती झालेल्या शाहूंच्या काळात ते कुणी विचारलं नाही.

पेशवाईत काही काळ नशिबाने साथ दिली. १७२० साली विशीतल्या बाजीरावाला पेशवाई मिळाली ती बाप पेशवा होता म्हणून. तो अलौकिक निघाला. १७६१ साली सोळा वर्षांचा माधवराव आला, तोही तसाच. १७७३ साली नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला आणि राज्य सावरलं ते बारभाईंनी, म्हणजे पुन्हा अनेक हातांनी. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी तसे हात उरले नव्हते.

न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांनी नेमकं इथे बोट ठेवलं. पदं वंशपरंपरागत करायची नाहीत आणि कामाचा मोबदला जहागिरीने द्यायचा नाही, ही शिवाजी महाराजांची घडी वारसांनी मोडली आणि ऱ्हास तिथून आला, असं त्यांनी मांडलं. रानडे हे केवळ इतिहास म्हणून लिहीत नव्हते. ते आयुष्यभर संस्था उभारत होते आणि आपल्यामागे त्या कोण चालवील, हा त्यांच्या रोजच्या चिंतेचा विषय असणार.

त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज काढला. सभासदाला आधी पाच वर्षांची उमेदवारी. अभ्यास, प्रवास, शिस्त, मग जबाबदारी. १९१५च्या फेब्रुवारीत गोखले गेले. त्यांच्या जागी अध्यक्ष झाले श्रीनिवास शास्त्री, मद्रासकडचे एक मुख्याध्यापक, समाज स्थापन झाल्यावर दोन वर्षांनी आलेले. गोखल्यांबरोबर पहिल्याच दिवशी शपथ घेतलेले गोपाळ कृष्ण देवधर तेव्हा समाजातच होते. त्यांनी शास्त्रींच्या हाताखाली काम केलं, पुण्यात रमाबाई रानड्यांबरोबर सुरू केलेलं सेवासदन वाढवलं, आणि १९२७ साली शास्त्रींनंतर अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.